लिनक्सची आगोट: अपडेटचं सामान घरच्या कोठीतून

सकाळी नऊला प्रॅक्टिकलची परीक्षा होती. प्रयोगशाळेतली तीसच्या तीस यंत्रं चालू केली, मुलं बसली आणि पंधरा मिनिटांत ओरड सुरू झाली. "सर, नेट चालत नाही." "सर, कंपायलर टाकायला गेलो तर लॉक मिळत नाही म्हणतंय." मी आधी राउटर बंद-चालू केला, मग केबल तपासल्या, मग सेवा देणाऱ्याला मनात शिव्या दिल्या. दोष त्यातल्या कुणाचाच नव्हता. तीसही यंत्रं एकाच वेळी बाहेरच्या जगातून तीच अपडेट उतरवत बसली होती.

हे का घडतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. आमच्या यंत्रांवर उबुंटू ही लिनक्सची जात आहे, आणि तिच्यात अपडेटसाठी वेळापत्रक ठरलेलं असतं. एपीटी-डेली नावाचा टायमर नव्या पॅकेजांची यादी आणतो, आणि एपीटी-डेली-अपग्रेड नावाचा दुसरा टायमर सकाळी सहाच्या सुमारास सुरक्षेच्या दुरुस्त्या बसवतो. सगळ्या जगाची यंत्रं एकाच मिनिटाला सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून या दुसऱ्या टायमरला तासाभरापर्यंत उशिरा सुरू होण्याचा वाव दिलेला आहे. पण आमची यंत्रं रात्री बंद असतात. सहाची वेळ हुकली की टायमर ती विसरत नाही. यंत्र चालू झालं की राहिलेलं काम उरकायला घेतो. म्हणजे नऊ ते दहा हा परीक्षेचा तास आणि आमच्या प्रयोगशाळेतला अपडेटचा तास एकच.

आता हिशेब करा. अपडेट समजा ३०० एमबीचं आहे. तीस यंत्रं म्हणजे ९ जीबी. लाईन १० एमबीपीएसची असेल तर ती दोन तास पूर्ण तुंबणार, तीही दुसरं काहीच न करता. हेच ३०० एमबी एकदाच आणलं तर चार मिनिटं. मग खोलीतल्या खोलीत, अगदी जुन्या १०० एमबीपीएसच्या स्विचवरूनसुद्धा, तीस यंत्रांना वाटायला बारा-तेरा मिनिटं.

कोकणात पाऊस सुरू होण्याआधी घरोघर आगोट भरतात. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, सरपण असं सगळं आधीच आणून ठेवायचं, म्हणजे भर पावसात दरवेळी बाजार गाठावा लागत नाही. लोकल रिपॉझिटरी, म्हणजे आपल्याच जागेत ठेवलेलं सॉफ्टवेअरचं भांडार, ही लिनक्सची आगोट. लोक तिला नुसतं 'रेपो' म्हणतात, मीही तेच म्हणेन. (पुढे आज्ञा आणि फाईलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, पडद्यावर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.)

रेपोत असतं काय

लिनक्सवर सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येतं. डेबियन आणि त्याच्या कुळातल्या उबुंटू, मिंट वगैरेंत 'डेब' पॅकेजं. रेड हॅट, फेडोरा, रॉकी, आल्मा यांच्यात 'आरपीएम'. एक पॅकेज बसवायचं तर त्याला आणखी दहा पॅकेजं लागतात, म्हणून ती शोधून, उतरवून, योग्य क्रमाने बसवणारं साधन हवं. डेबियनकडे ते एपीटी, १९९९च्या २.१ आवृत्तीपासून ते डेबियनसोबत येतं. आरपीएमवाल्यांकडे यम आणि आता डीएनएफ.

ही साधनं माल कुठून आणतात? एका साध्या फाईलीत पत्ता लिहिलेला असतो तिथून. तो पत्ता बदला, माल दुसरीकडून येईल. तत्त्वतः आपला विषय इथेच संपतो, आणि इंटरनेटवरची बरीच मार्गदर्शनं खरोखर इथेच संपतात. खरी गंमत मात्र पुढे आहे: ज्या पत्त्यावर तुम्ही बोट ठेवलंत तिथला माल खरा कशावरून, आणि ताजा कशावरून?

डेबियनच्या रेपोत दोन मोठे कप्पे असतात. 'पूल' या कप्प्यात प्रत्यक्ष पॅकेजं. 'डिस्ट्स' या कप्प्यात त्यांच्या याद्या. डेबियन १२मध्ये ६४,४१९ पॅकेजं होती, तेव्हा यादीशिवाय काही सापडणं शक्यच नाही. 'पॅकेजेस' नावाच्या यादीत प्रत्येक पॅकेजचं नाव, आवृत्ती, कशावर अवलंबून आहे ते, आणि फाईलीचा हॅश असतो. हॅश म्हणजे फाईलीच्या आशयावरून गणिताने काढलेली लांबलचक खूण. फाईलीतलं एक अक्षर बदललं तरी खूण पार बदलते. या याद्यांचे हॅश वरच्या एका फाईलीत असतात, तिचं नाव 'इनरिलीज'. आणि त्या इनरिलीजवर डेबियनची डिजिटल सही असते.

म्हणजे साखळी अशी: सही खरी, म्हणून इनरिलीज खरी, ती खरी म्हणून यादी खरी, यादी खरी म्हणून पॅकेज खरं. ती सही तपासायची किल्ली तुमच्या यंत्रावर लिनक्स बसवतानाच आलेली असते. त्यामुळे माल कुणाच्या हातून आला याला फारसं महत्त्व उरत नाही. तो मुंबईच्या सर्व्हरवरून आला, तुमच्या कपाटातल्या जुन्या डेस्कटॉपवरून आला की पेन ड्राइव्हवरून आला, मधे कुणी काही घुसडलं तर साखळी तुटते आणि एपीटी हात आखडता घेतो. एपीटीचे रेपो इतकी वर्षं साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे वाटेत कुणालाही वाचता येईल अशा उघड्या बोलण्यावरून, चालले ते याच भरवशावर. भरवसा आंधळा नको, हे जानेवारी २०१९मध्ये दिसलं. एपीटी एचटीटीपीवरचं रिडायरेक्ट, म्हणजे 'माल दुसऱ्या पत्त्यावर आहे' हा निरोप, ज्या पद्धतीने हाताळायचा त्यातच एक फट सापडली. वाटेत बसलेला माणूस तिच्यातून खोटं पॅकेज आत सरकवू शकत होता. ती लगेच बुजवली गेली. पण ती दुरुस्तीही अपडेटनेच यायची होती, हा त्यातला विनोद.

कोठी किती मोठी हवी

बहुतेकांची पहिली चूक इथे होते. 'लोकल रेपो' म्हटलं की संपूर्ण मिरर, म्हणजे मूळ भांडाराची हुबेहूब प्रत, करायला निघतात. एपीटी-मिरर किंवा डेबमिरर बसवायचं, रात्रभर शेकडो जीबी उतरवायचं, आणि मग कळतं की त्यातली पंचाण्णव टक्के पॅकेजं आपल्याकडे कुणी कधी बसवणारच नाही. तीस जणांच्या घरासाठी अख्खा मोंढा उचलून आणण्याचा प्रकार. यंत्रं इंटरनेटपासून पूर्ण तोडलेली असतील, म्हणजे संरक्षण, बँक, कारखान्याचं नियंत्रण अशा जागी, तर पूर्ण मिररला पर्याय नाही. बाकीच्यांनी आधी दुसरा मार्ग बघावा.

तो मार्ग म्हणजे साठवण करणारा मध्यस्थ, एपीटी-कॅशर-एनजी. हा एका यंत्रावर बसवायचा. पहिल्या यंत्राने पॅकेज मागितलं की तो बाहेरून आणून देतो आणि एक प्रत ठेवून घेतो. उरलेल्या एकोणतीस यंत्रांना तीच प्रत. जे कुणी मागितलंच नाही ते कधी उतरतही नाही. आमच्याकडे हाच आहे, आणि त्यासाठी वापरलेलं यंत्र भंगारात निघालं होतं.

प्रत्येक विद्यार्थी-यंत्रावर एकच ओळ लागते. ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरातल्या एपीटी फोल्डरात 'एपीटी.कॉन्फ.डी' नावाचं फोल्डर आहे, त्यात एक नवी फाईल करून लिहायचं:

ॲक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी "एचटीटीपी://१९२.१६८.१.१०:३१४२";

३१४२ हे एपीटी-कॅशर-एनजीचं ठरलेलं पोर्ट, म्हणजे त्या यंत्रावरचा त्याचा दार क्रमांक. शेवटचा अर्धविराम विसरलात तर एपीटी पुढे काहीच करू देत नाही, तेव्हा तीस यंत्रांवर पसरवण्याआधी एकावर तपासा. त्याच पत्त्यावर ब्राउझरने गेलात तर किती माल साठ्यातून गेला आणि किती बाहेरून आला याचा हिशेबही बघता येतो. प्राचार्यांना दाखवायला उपयोगी.

एक अडचण आहे. स्रोताचा पत्ता एचटीटीपीएसचा, म्हणजे कुलूपबंद बोलण्याचा, असेल तर मध्यस्थाला पाकिटाच्या आतलं दिसत नाही, त्यामुळे साठवताही येत नाही. डेबियन-उबुंटूचे मूळ पत्ते एचटीटीपीवर ठेवले की काम भागतं. बाहेरच्या कंपन्यांचे रेपो बहुधा एचटीटीपीएसवर असतात. त्यांच्यासाठी एपीटी-कॅशर-एनजीत वेगळी युक्ती आहे: पत्ता एचटीटीपीने सुरू करून पुढे मोठ्या अक्षरांत एचटीटीपीएस, तीन तिरप्या रेघा आणि मग सर्व्हरचं नाव. मग बाहेरचं सुरक्षित बोलणं मध्यस्थ स्वतः करतो.

पत्ता कुठे लिहायचा

पूर्ण मिरर असो की स्वतः बनवलेल्या चार पॅकेजांचा छोटा रेपो, तिथे मात्र स्रोताची फाईलच बदलावी लागते. ही फाईल पूर्वी 'सोर्सेस.लिस्ट' असायची आणि तिच्यात एका ओळीत सगळं कोंबलेलं असायचं: डेब, पत्ता, आवृत्तीचं टोपणनाव, विभाग. उबुंटू २४.०४पासून मात्र 'सोर्सेस.लिस्ट.डी' या फोल्डरातली 'उबुंटू.सोर्सेस' ही नव्या धाटणीची फाईल येते. तिच्यात टाइप्स, यूआरआयज, सूट्स, कंपोनंट्स आणि साइन्ड-बाय अशा वेगवेगळ्या ओळी असतात. मला नवी धाटणी आवडते, कारण कोणती गोष्ट काय आहे ते वाचून कळतं. जुन्या लेखांतून ओळी उचलून दोन्हीकडे लिहिल्यात तर तोच स्रोत दोनदा नोंदवल्याचे इशारे एपीटी देत बसेल.

फाईलीला हात लावायचा धीर नसेल तर उबुंटूतल्या 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स' या खिडकीत 'डाउनलोड फ्रॉम' म्हणून एक यादी आहे. भारताचा देशी मिरर निवडायलाही तीच वापरतात. तीस यंत्रांवर हे माउसने करणार असाल तर सोबत चहा घेऊन बसा.

पत्ता बदलताना सुरक्षेची ओळ विसरू नका. डेबियनमध्ये मुख्य भांडार आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या वेगवेगळ्या सर्व्हरवरून येतात. मुख्य पत्ता लोकल केला आणि सुरक्षेचा तसाच राहिला तर यंत्रं त्या दुरुस्त्यांसाठी बाहेर जातच राहतील. उलट सुरक्षेची ओळ पुसूनच टाकली तर सगळं शांत, वेगवान आणि धोकादायक.

यंत्रावरच्याच एखाद्या फोल्डरातून किंवा जोडलेल्या डिस्कवरून माल घ्यायचा असेल तर पत्ता 'फाईल'ने सुरू होतो. इथे लोक पॅकेजं स्वतःच्या होम फोल्डरात ठेवतात आणि फसतात. एपीटी उतरवण्याचं काम 'अंडरस्कोर-एपीटी' नावाच्या अगदी कमी अधिकारांच्या वापरकर्त्याकडून करून घेतो. तुमच्या होम फोल्डरात डोकवायची परवानगी त्याला नसते, मग एपीटी कुरकुर करतो. माल 'एसआरव्ही'सारख्या सगळ्यांना वाचता येईल अशा जागी ठेवा.

सही कुणाची?

मिरर हुबेहूब असेल तर सही मूळ डेबियनची किंवा उबुंटूचीच राहते आणि तुम्हाला काही करावं लागत नाही. स्वतःचा रेपो बनवलात, उदाहरणार्थ कॉलेजने तयार केलेलं एखादं पॅकेज सगळीकडे पोचवायला, तर सही तुमची लागते. ॲप्टली किंवा रेप्रेप्रो ही साधनं याद्या बनवतात आणि तुमच्या किल्लीने सहीही करतात. किल्लीचा सार्वजनिक भाग प्रत्येक यंत्रावर ईटीसी-एपीटीमधल्या 'कीरिंग्ज' फोल्डरात ठेवायचा आणि साइन्ड-बाय ओळीत त्याचा रस्ता द्यायचा. 'एपीटी-की ॲड' ही जुनी पद्धत विसरा. तिने दिलेली किल्ली सगळ्याच रेपोंना लागू व्हायची. म्हणजे दूधवाल्याला दिलेल्या किल्लीने तिजोरीही उघडायची.

सहीची कटकट नको म्हणून स्रोताच्या फाईलीत 'ट्रस्टेड=येस', म्हणजे 'न तपासता खरं मान', असं लिहायचा मोह होतो. मीही एकदा केला होता. एका यंत्रावर, दुपारभराच्या प्रयोगापुरता ठीक. पण त्या एका शब्दाने वरची सगळी साखळी गळून पडते, आणि असे दुपारचे प्रयोग वर्षानुवर्षं तसेच राहून जातात.

शिळा माल

आमच्या शेजारच्या इमारतीत एकाने हौसेने पूर्ण मिरर केला होता. दिवाळीची सुट्टी झाली, मिररचं यंत्र बंद राहिलं, आणि परत आल्यावर सगळीकडे एकच तक्रार: रिलीज फाईलची मुदत संपली आहे, या रेपोची अपडेट लागू होणार नाहीत. त्याला वाटलं एपीटी बिघडला. एपीटी अगदी शहाण्यासारखं वागत होता.

डेबियनच्या सुरक्षा रेपोतल्या रिलीज फाईलीवर 'व्हॅलिड-अंटिल' अशी तारीख असते, साधारण आठवडाभर पुढची. दुधाच्या पिशवीवर असते तशी. कारण असं: सही खरी असली तरी ती जुन्या यादीवर असू शकते. कुणी मुद्दाम तुम्हाला महिन्यापूर्वीची यादी दाखवत राहिला तर सही जुळेल, हॅश जुळतील, आणि मधल्या काळात बुजवलेली भोकं तुमच्या यंत्रावर मात्र उघडी राहतील. तारीख असल्यामुळे ही लबाडी आठवड्याच्या आत उघडी पडते. ही तपासणी बंद करण्याची सोयही आहे आणि शोधलंत तर पहिला सल्ला तोच मिळतो. जुन्या आवृत्त्यांचं संग्रहालय मुद्दाम वापरत असाल तरच तो घ्या. एरवी मिरर ताजा करा.

ताजा करतानाही क्रम सांभाळावा लागतो. नव्या याद्या आधी आल्या आणि त्यातली पॅकेजं अजून वाटेत असली तर यंत्रं नसलेला माल मागतात. याद्या अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या झाल्या की कुप्रसिद्ध 'हॅश सम मिसमॅच' दिसतो. म्हणून डेबियनचे मिरर दोन फेऱ्यांत भरले जातात: आधी पूलमधली पॅकेजं, मग याद्या, आणि जुनी पॅकेजं पुसणं सगळ्यात शेवटी. दुकानात माल लागल्याशिवाय पाटी लावायची नाही, इतकंच. हे काम रात्री लावा, प्रयोगशाळा भरलेली असताना नको.

आपोआप होणाऱ्या अपडेटचाही एक कावा आहे. 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' हे साधन ठरावीक उगमांचीच पॅकेजं स्वतःहून बसवतं, आणि उगम ओळखतं रिलीज फाईलीतल्या 'ओरिजिन'वरून, पत्त्यावरून नाही. हुबेहूब मिररमध्ये ओरिजिन उबुंटूच असतं, त्यामुळे काही बिघडत नाही. स्वतःच्या रेपोचं ओरिजिन मात्र 'अलाउड-ओरिजिन्स'च्या यादीत तुम्हालाच लिहावं लागतं. नाहीतर हाताने अपग्रेड केलं की पॅकेज येतं, आपोआप कधीच येत नाही, आणि महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

यम आणि डीएनएफवाल्यांसाठी

यमचा जन्मच अशा गरजेतून झाला. मॅकवर चालणाऱ्या यलो डॉग लिनक्सचं एक अपडेटर होतं. ते अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सेठ विडाल आणि मायकेल स्टेनर यांनी तिथल्या रेड हॅट यंत्रांसाठी नव्याने लिहिलं. 'यलोडॉग अपडेटर, मॉडिफाइड' या नावाची आद्याक्षरं म्हणजे यम. त्याआधी रेड हॅटवर अप-टू-डेट नावाचं साधन होतं. २००७च्या आवृत्ती ५पासून त्याची जागा यमने घेतली. फेडोरात २०१५पासून डीएनएफ आहे, पण फाईलींची ठेवण तीच राहिली.

ईटीसीमधल्या 'यम.रिपोज.डी' फोल्डरात प्रत्येक रेपोची 'रेपो'ने संपणारी फाईल असते. तिच्यात 'मिररलिस्ट' किंवा 'मेटालिंक' अशी ओळ असते, ती म्हणजे बाहेरच्या मिररांची यादी कुठे मिळेल तो पत्ता. तिच्यापुढे चौकट-खूण (#) टाकून ती निकामी करायची आणि 'बेसयूआरएल'मध्ये आपला पत्ता लिहायचा. पत्ता यंत्रावरच्या फोल्डराचा असेल तर 'फाईल', अपूर्णविराम आणि मग तीन तिरप्या रेघा. दोन पद्धतीच्या आणि तिसरी मूळ फोल्डराची. 'जीपीजीचेक' १ ठेवा; ० करणं म्हणजे वर सांगितलेला 'ट्रस्टेड=येस'चाच भाऊ.

आरपीएमचा नुसता ढीग म्हणजे रेपो नव्हे. 'क्रिएटरेपो_सी' (मधे अंडरस्कोर) ही आज्ञा त्या फोल्डरावर चालवली की 'रेपोडेटा' नावाचं यादीचं फोल्डर तयार होतं. नवं पॅकेज टाकलं की ती पुन्हा चालवायची. बाहेरचा अख्खा रेपो आणायला 'डीएनएफ रेपोसिंक' आहे. नुसती डिस्क जोडून काम करणार असाल तर रेड हॅट ८पासून डिस्कवर बेसओएस आणि ॲपस्ट्रीम असे दोन रेपो असतात, तेव्हा फाईलीतही दोन नोंदी हव्यात. शिवाय डीएनएफ एकदा आणलेली यादी ठरलेल्या रिवाजाने ४८ तास ताजी मानतो. आता टाकलेलं पॅकेज दिसत नसेल तर 'डीएनएफ क्लीन ऑल' करून पुन्हा बघा.

आगोट भरलेल्यांना तिचं मोल ३० जून २०२४ नंतर कळलं. त्या दिवशी रेड हॅटच्या कुळातल्या सेंटओएस ७ची मुदत संपली. थोड्याच दिवसांत मिररांची यादी देणारा सर्व्हर गेला आणि जगभरातल्या यंत्रांवर यम 'पत्ता सापडत नाही' म्हणू लागला. पॅकेजं 'व्हॉल्ट' नावाच्या संग्रहात हलवली होती, पण यंत्रांना ते कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्याकडे स्वतःची प्रत होती त्यांना त्या दिवशी काही जाणवलंही नाही. नवी सुरक्षा दुरुस्ती मात्र त्यांनाही मिळणार नव्हती.

काम झालं का ते बघणं

'एपीटी पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचं नाव दिलंत की ते कोणत्या पत्त्यावरून येणार ते छापून येतं. तिथे तुमचा पत्ता दिसला की झालं. मध्यस्थ वापरत असाल तर तिथे मूळ पत्ताच दिसेल, तेव्हा घाबरू नका. मध्यस्थाचं हिशेबाचं पान बघा.

शिक्षकांचे लॅपटॉप घरी जातात आणि घरी १९२.१६८.१.१०वर कुणी नसतं. त्यांना 'प्रॉक्सी-ऑटो-डिटेक्ट' ही सोय द्या. ती एक छोटी स्क्रिप्ट चालवते. मध्यस्थ भेटला तर त्याचा पत्ता देते, नाहीतर 'डायरेक्ट' म्हणते. हे न केल्याबद्दल मला रविवारी संध्याकाळी आलेले फोन मोजले तर फार होतील.

आणि हे सगळं झाल्यावरही आमची लाईन अधूनमधून तुंबायची. शोधलं तर फायरफॉक्स. उबुंटू २२.०४पासून तो डेब म्हणून येत नाही, स्नॅप या वेगळ्याच धाटणीच्या पॅकेजात येतो, आणि स्नॅप एपीटीच्या कोठीकडे बघतही नाही, सरळ बाहेर जातो. फ्लॅटपॅक, पायथनचं पिप यांचंही तसंच. शेवटी 'स्नॅप सेट सिस्टिम रिफ्रेश.टायमर' या आज्ञेने त्याला शनिवारी दुपारची वेळ नेमून दिली. त्या वेळी प्रयोगशाळेत फक्त मी असतो.